वळवात रेडिओचा ३० मीटरचा मास्ट (अँटेनाचा खांब) पडला, जमिनीतला अँकर उपसला. पुन्हा उभारताना सुरुवात कुठून करायची?

स्टुडिओ_वाळवा

वाळवा तालुका, कृष्णेपासून साधारण दीड किलोमीटर आत, सगळी काळी जमीन. सामुदायिक रेडिओ, ९०.४ मेगाहर्ट्झ, ५० वॅटचा ट्रान्समीटर. मास्ट ३० मीटरचा, तीन पायांचा, पाइपचा. फेस (एका बाजूची रुंदी) ३०० मिमी, तीन-तीन मीटरचे दहा सेक्शन. ताण (मास्टला धरून ठेवणाऱ्या तारा) १०, २० आणि २९ मीटरवर, तीन दिशांना, अँकर पायथ्यापासून २१ मीटरवर. ताणतार ७/३.१५ ची (३.१५ मिमीच्या सात तारांची), विजेच्या खांबाला वापरतात तीच.

वळवाचा वारा पूर्वेकडून आला. पूर्वेचा अँकर ब्लॉकसकट वर आला आणि मास्ट पश्चिमेला पडला. खालचे चार सेक्शन डोळ्यांना सरळ दिसतात, पाचव्यापासून वर सगळं मुरगळलंय. दोन्ही डायपोल (अँटेनाचे दांडे) गेले. अर्ध्या इंची केबल बऱ्याच ठिकाणी चेपलीये. ट्रान्समीटर चालू होतो.

प्रश्न असे. खालचे सेक्शन आणि उरलेले दोन अँकर वापरता येतील का? ताणाचाच मास्ट करावा की स्वयंआधारित (ताणांशिवाय उभा राहणारा) टॉवर? अंगण पुरतं, पण पूर्वेचा अँकर उसाच्या कडेला आहे. आणि मधल्या काळात प्रक्षेपण कसं चालू ठेवायचं? पावसाळा तोंडावर आहे.

ताणवाला

आधी पडलेलं उचलण्याबद्दल, कारण माणसं जखमी होतात ती इथेच. पडलेल्या मास्टचे काही ताण अजून ताठ असतील. ते ग्राइंडरने कापू नका, तार चाबकासारखी उलटते. टर्नबकल (तार आवळायचा-सोडायचा स्क्रू) हळूहळू सैल करून ओढ काढायची, मग पिन. मुरगळलेल्या सेक्शनचे बोल्ट काढतानाही पाइप झटका देतो, म्हणून दोन्ही बाजूंना दोर बांधून मगच बोल्ट फिरवा.

सेक्शन "डोळ्यांना सरळ" असून भागत नाही. प्रत्येक पायाला तीन मीटरभर दोरी ताणा. ३ मिमीहून जास्त बाक असेल तर बाद. फ्लँजची भोकं लांबट झालीत का बघा. वेल्डच्या कडेला जस्ताची पापडी उडाली असेल तर तिथे वेल्डला चीर असण्याची शक्यता धरा. त्यानंतर पाइपला खालून वर छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर आतून गंजलाय. पाइपच्या मास्टचा हा ठरलेला रोग आहे: पायथ्याशी पाणी निचरायचं भोक ठेवलेलं असतं आणि ग्राउट (पायथ्याखालचं सिमेंटचं मिश्रण) भरताना गवंडी ते बुजवतो. मग पावसाचं पाणी पायात साचतं आणि सर्वात खालचा सेक्शन, ज्यावर सगळा भार असतो, तोच आतून खलास होतो. बाहेरून जस्त चकचकीत.

वाकलेला पाइप गॅसवर तापवून सरळ करून देणारे वर्कशॉपवाले भेटतील. नको. जस्त जळतं आणि पाइपची ताकदही बदलते.

ताणतारा सगळ्या नव्या. एकदा झटका बसून गाठ पडलेली तार पुन्हा वापरायची नाही. शेंड्याचे थिंबल (तारेच्या वळशातल्या खोबणीच्या कड्या) चपटे झाले असतील, तेही बदला. टर्नबकल हुकाचे असतील तर ते भंगारात, दोन्ही बाजूंना जबड्याचे घ्या. हूक भाराखाली उघडतो.

काळी_माती

मास्टचं नंतर बघू. अँकर ब्लॉकसकट वर आलाय, म्हणजे तार तुटली नाही, क्लॅम्प सरकला नाही, मास्टही आधी मोडला नाही. जमिनीने सोडलं. नवा कोरा मास्ट त्याच पद्धतीच्या अँकरवर उभा केलात तर तोही असाच जाणार.

काळी माती एप्रिल-मेमध्ये आकसते, हातभर भेगा पडतात. ब्लॉकच्या चारी बाजूंनी ती सुटलेली असते, त्यामुळे बाजूच्या मातीचं घर्षण जवळजवळ शून्य. नेमके त्याच दिवसांत वळवाचे वारे येतात. म्हणजे वारा सर्वात जोरात तेव्हा पकड सर्वात कमी. पावसाळ्यात उलटं: माती फुगते आणि उथळ ब्लॉकला वर ढकलते, दर वर्षी थोडं थोडं. उरलेले दोन अँकर जागेवर दिसत असले तरी ते याच फेऱ्यातून गेलेत. एका बाजूने उकरून रॉड बघा. जमिनीच्या पातळीपासून खाली फूटभर, जिथे हवा आणि ओल दोन्ही पोचतात, तिथे रॉड निम्मा झालेला सापडतो. माझं मत विचाराल तर तिन्ही नवे करा. एकच नवा केला तर पुढच्या वेळी मास्ट दुसऱ्या बाजूला पडेल.

आता पुराचा हिशोब, जो आपल्या भागात कुणीच करत नाही. २०१९ ला नदीपासून किती आत पाणी आलं होतं हे वाळव्यात सांगायला नको. एक घनमीटर काँक्रीट कोरडं २४०० किलो, पाण्याखाली १४०० किलो. माती साधारण १८०० ची ८५० वर येते. उदाहरणार्थ ब्लॉक दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, ६० सेंटिमीटर जाड, त्यावर १.२ मीटर भराव. कोरड्यात काँक्रीट २१६० आणि वरची माती ३२४०, एकूण ५.४ टन. बुडाल्यावर तेच १२६० आणि १५३०, म्हणजे २.८ टन. निम्मंच राहिलं. म्हणून ब्लॉकचा आकार बुडालेल्या वजनावर ठरवा, आणि ते वजन अँकरवर येणाऱ्या उभ्या ओढीच्या दुपटीपेक्षा कमी नको. ओढ किती ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. त्याला सांगा की आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे काढ, आपल्या भागाचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद. हा तीन सेकंदांच्या झोताचा वेग आहे, ताशी १४० किलोमीटर. पेपरात येणारे "ताशी ६० किमी वारे" यांवरून डिझाइन करायचं नसतं. वळीव तासाभरात संपतो, पण झोताला तीन सेकंद पुरतात.

खोदाई अशी: खड्डा ब्लॉकपेक्षा प्रत्येक बाजूला किमान ३० सेंटिमीटर मोठा. काळी माती परत आत टाकायची नाही, ती ट्रॉलीत भरून बांधावर. भराव मुरमाचा, १५० ते २०० मिमीचे थर, प्रत्येक थर ओला करून ठोकायचा. नुसता ओतलेला मुरूम म्हणजे पहिल्याच पावसात खळगा. काँक्रीट एम २५. रॉड गरम जस्तात बुडवलेला, २५ मिमी, ब्लॉकमधल्या सळईच्या जाळीखाली आडवा अडकवलेला. आणि रॉडभोवती काँक्रीटचा खुंट जमिनीवर १५० मिमी आणा, माथा उतरता करा, रॉड बाहेर पडतो त्या सांध्यावर बिटुमेन. तिथे पाणी थांबलं नाही तर रॉड टिकेल.

रॉडचा कोन ताणांच्या ओढीच्या रेषेत हवा. तीन ताण एका अँकरला येतात, तेव्हा मधल्या ताणाची रेषा धरा. रॉड उभा ठेवून वर वाकवणं ही गवंड्यांची आवडती चूक, दोरी बांधून दाखवल्याशिवाय ते ऐकत नाहीत.

भराव टाकायला काँक्रीटचे सात दिवस. पूर्ण ताण द्यायला २८ दिवस थांबता आलं तर उत्तम.

डोंगरवारा_सातारा

वरच्यांनी ताणाचा मास्ट गृहीतच धरलाय. उसाच्या कडेला अँकर असेल तर मी स्वयंआधारित टॉवर म्हणेन. ट्रॅक्टरचा नांगर किंवा उसाची भरलेली ट्रॉली एका ताणाला अडकली की वारा लागतच नाही, सगळा मास्ट खाली. एका ताणावर पूर्ण मास्ट अवलंबून असणं हा त्या रचनेचा मूळ दोष आहे. टर्नबकल चोरीला जाणं वेगळं.

साताऱ्यात डोंगरमाथ्यावर वाऱ्याचा भार आणखी वाढतो. आयएस ८७५ मध्ये टेकडीचा गुणक १.३६ पर्यंत जातो. भार वेगाच्या वर्गात, म्हणजे १.८५ पट. ३९ च्या वेगाला सपाटीवर चौरस मीटरला ९१३ न्यूटन, माथ्यावर १६९० च्या आसपास. तुम्ही सपाटीवर आहात, तेवढं बरं.

काळी_माती

माथ्यावर, खडकात, स्वयंआधारित ठीक. वाळव्याच्या काळ्या जमिनीत नाही. तिथे पायाला एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला ओढ येते, माती असमान फुगली तर टॉवर कलतो आणि कललेला स्वयंआधारित टॉवर सरळ करायला काहीच मार्ग नसतो. ताणाचा असेल तर टर्नबकल फिरवून ओळंब्यात आणता येतो. लोखंडही चार-पाचपट लागतं. शिवाय पाया राफ्टचा (एकसलग काँक्रीटचा), खर्च तिथेच जातो.

नांगराचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय: अँकरभोवती दोन मीटरवर तीन-चार जुने रेल्वेचे किंवा आरसीसीचे खांब, ताणाच्या खालच्या अडीच मीटरला पिवळा-काळा प्लास्टिक पाइप. टर्नबकलच्या मधून तारेचा आठाचा आकडा घालून बांधा. चोर थांबेलच असं नाही, पण टर्नबकल कंपनाने आपोआप उलगडणं नक्की थांबतं, आणि चोरीपेक्षा तेच जास्त वेळा होतं.

कऱ्हाड_इरेक्शन

उभारणीचं. हायड्रा क्रेन आणून एकदम उचलू असं कोणीतरी सुचवेल. ३० मीटरचा ३०० मिमी फेसचा मास्ट आडवा उचलला की मधेच स्वतःच्या वजनाने वाकतो, आणि साध्या हायड्राचा बूम तेवढा पोचतही नाही. जिन पोलने (मास्टलाच बांधायच्या उचलणीच्या खांबाने) सेक्शनवर सेक्शन चढवा. वेळ जातो, पण प्रत्येक सांधा हातात राहतो.

दोन सेक्शनच्या वर मोकळे कधीच सोडायचे नाहीत. तात्पुरते ताण लावून पुढचा सेक्शन. कायमचा ताण तिन्ही दिशांना लागल्यावरच त्या पातळीचा तात्पुरता काढायचा. बहुतेक अपघात नेमके इथे होतात: संध्याकाळ झाली, दोन ताण लागले, तिसरा उद्या. रात्री वारा आला की संपलं.

तीन मुद्दे मुकादमाच्या हातात लिहून द्या. वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला किंवा ढग गडगडले की खाली उतरायचं. पूर्ण हार्नेस, दोन लॅनयार्ड (हार्नेसचे अडकवायचे दोर), एक कायम अडकलेला. मास्ट पडू शकतो त्या टापूत ११ केव्हीची लाइन असेल तर महावितरणचं शटडाउन लेखी, फोनवर नाही.

ताणाची गाठ. थिंबल घालून तार वळवायची, बुलडॉग क्लॅम्प चार, प्रत्येकी ६० मिमी अंतरावर. क्लॅम्पचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर, यू बोल्ट कापलेल्या टोकावर. उलटं लावलं तर यू बोल्ट भाराच्या तारेला चिमटा काढतो आणि ती तिथेच तुटते. गावोगावच्या केबल टीव्हीच्या मास्टवर निम्मे क्लॅम्प उलटे दिसतील. ताण दिल्यावर तार बारीक होते, म्हणून आठवड्याने नट पुन्हा आवळा.

आता ताण किती द्यायचा. तुटण्याच्या भाराच्या १० टक्के. ७० किलो प्रति चौरस मिमी दर्जाची ७/३.१५ तार साधारण ३.६ टनांना तुटते, म्हणजे ३६० किलो. ताणमापक नसेल तर घड्याळावर मोजता येतं. अँकरजवळ तारेला हाताने एक झटका द्या. लाट शेंड्यापर्यंत जाऊन परत येते, ती तळहाताला जाणवते. दहा वेळा परत यायला किती सेकंद लागले ते मोजा. तुमच्या मापांना:

२९ मीटरचा ताण, लांबी ३५.८ मीटर: ७.८ सेकंद
२० मीटरचा, लांबी २९ मीटर: ६.३ सेकंद
१० मीटरचा, लांबी २३.३ मीटर: ५.१ सेकंद

वेळ जास्त लागला तर तार सैल. शेंड्याच्या ताणाला ११ सेकंद लागले तर ओढ जेमतेम निम्मी उरली आहे. सकाळी, वारा नसताना मोजायचं, आणि एका पातळीचे तिन्ही ताण सारखे असल्याशिवाय पुढच्या पातळीवर जायचं नाही. ताण जास्त देऊन "घट्ट" करण्याचाही मोह नको. वारा नसतानाही नऊ ताणांची खाली ओढ दोन टनांच्या आसपास असते, ती सगळी मास्टच्या पायांवर दाब म्हणून येते. दुप्पट ताणलं तर मास्टच दबून वाकण्याच्या जवळ नेला.

शेवटी थिओडोलाइटने दोन काटकोनी दिशांनी बघा. ३० मीटरला ७५ मिमीपेक्षा जास्त कल नको.

स्टुडिओ_वाळवा

सर्वांचे आभार. पूर्वेचा खड्डा आणि उपसलेला ब्लॉक पाहिला. ब्लॉक ६० सेंटिमीटरचा घन होता, वर जेमतेम फूटभर माती. खालच्या सेक्शनचं निचऱ्याचं भोक ग्राउटने बुजलेलंच आहे, आवाजही बद्द येतो. मग दहाच्या दहा सेक्शन नवे. आता अँटेना-केबलबद्दल आणि मधल्या काळातल्या सोयीबद्दल कोणी सांगेल का?

काळी_माती

६० सेंटिमीटरचा घन म्हणजे ५२० किलो. तो आजवर उभा होता याचंच नवल.

आरएफ_मिरज

ट्रान्समीटर "चालू होतो" म्हणजे काय? अँटेना नसताना पॉवर दिली नसेल अशी आशा आहे. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा) लावा, किमान १०० वॅट सोसणारा, आणि १० वॅटपासून वर न्या. पूर्ण ५० मिळाले आणि परावर्तित (परत येणारी) पॉवर शून्याजवळ असली तर ट्रान्समीटर वाचला.

केबल चेपली असेल तर ती गेली. चेपलेल्या जागी ओहम बदलतो, तुकडे जोडून सांधे वाढवू नका. पैसे वाचवायला कोणी आरजी-२१३ सुचवेल. हिशोब बघा: ४० मीटर लांबीला अर्ध्या इंची फोम केबलमध्ये सुमारे ०.९ डीबी (सिग्नल घटण्याचं माप) जातात, ५० पैकी ४१ वॅट वर पोचतात. आरजी-२१३ मध्ये जवळजवळ २.७ डीबी, वर २७ वॅट. दोन डायपोलची अँटेना साधारण दुप्पट करते, म्हणजे पहिल्यात ८२ वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष फेकली जाणारी पॉवर), सामुदायिक केंद्राच्या १०० वॅटच्या मर्यादेत.

डायपोल ९०.४ ला टोकापासून टोकापर्यंत १.५८ मीटरच्या आसपास, मग जागेवर छाटायचे. दोघांतलं अंतर २.५ मीटर, मास्टपासून ८० सेंटिमीटर बाहेर. उभे डायपोल मास्टच्या ज्या बाजूला, तिकडे सिग्नल जास्त, मागे कमी. तुमची जास्त गावं ज्या दिशेला आहेत तिकडे तोंड करा. जोडणीच्या केबल ७५ ओहमच्या, प्रत्येकी तीन-चतुर्थांश तरंगाच्या: ०.६६ वेगाच्या केबलला १.६४ मीटर. दोन्ही एकाच रिळातून, सारख्या मापाच्या. एक खराब झाली तरी दोन्ही बदला. आणि डायपोल चढवताना दोघांचीही मधल्या तारेची बाजू वर हवी. एक उलटा लागला तर परावर्तित पॉवर एकदम छान दिसते, मीटर खूश, पण क्षितिजाच्या दिशेने दोघं एकमेकांना खोडतात आणि चार किलोमीटरवर आवाज नाही. जमिनीवरच लाल रंगाची खूण करून वर पाठवा.

५० वॅटला २ वॅट परत येत असतील तर व्हीएसडब्ल्यूआर (अँटेना-केबल किती जुळतात त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.५, चालेल. ५ वॅट म्हणजे १.९, थांबून शोधा. पण एक फसवणूक लक्षात ठेवा: केबलमध्ये पाणी शिरलं की परत येणारी पॉवर वाटेतच जिरते आणि वाचन चांगलं दिसतं. म्हणून चढवताना एकदा केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड लावून तिथे किती वॅट येतात ते मोजून लिहून ठेवा. पुढे शंका आली की तोच आकडा कामाला येईल. कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबर टेप, त्यावर साधी टेप, गुंडाळायची खालून वर. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा.

अर्थिंग: केबलचं वरचं कवच मास्टला शेंड्याशी, पायथ्याशी आणि खोलीच्या तोंडाशी जोडा. तिथेच गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा). मास्टची अर्थ, विजेची अर्थ आणि स्टुडिओची अर्थ एकत्र बांधा. "आवाजात घरघर येते" म्हणून वेगळ्या ठेवतात, मग वीज पडली की त्यांच्यातला फरक मिक्सरमधून जातो. काळ्या जमिनीत रेझिस्टन्स सहज खाली येतो, मीठ-कोळसा घालू नका, मीठ जीआय पट्टी खातं. ताणांना अर्थ देताना तांब्याची तार नको, जस्ताशी जमत नाही, जीआयचीच.

मध्यम लहरींच्या मनोऱ्यांबद्दलचा सल्ला कोणी दिला तर तो इथे लावू नका. सांगली आकाशवाणीच्या १२५१ किलोहर्ट्झला तरंगलांबी २४० मीटर, तिथे मनोराच अँटेना असतो आणि पायथ्याला इन्सुलेटर. तुमचा मास्ट नुसता खांब आहे, त्याला जमिनीशी पक्कं जोडायचं.

तात्पुरतं म्हणाल तर इमारतीच्या छतावर दोन इंची जीआय पाइप, एक डायपोल. सामुदायिक केंद्राला अँटेना जमिनीपासून किमान १५ मीटर हवी, म्हणजे ७ मीटरच्या छतावर ९ मीटरचा पाइप, दोन पातळ्यांवर ताण देऊन. ३० वरून १६ मीटरवर आलात की साडेपाच डीबी जातात, एकच डायपोल म्हणून आणखी तीन. कडेची गावं सुटतील हे श्रोत्यांना आधीच सांगा.

कागद_पक्का

घाईत भंगार विकू नका. आधी तलाठ्याचा पंचनामा, विमा असेल तर सर्व्हेअर येऊन जाऊ द्या. उपसलेला ब्लॉक, रॉड, प्रत्येक मोडलेला सांधा, सगळ्यांचे फोटो मोजपट्टी धरून.

परवान्यात अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची आणि पॉवर लिहिलेली असते. त्याच पायथ्यावर त्याच उंचीने उभारणं हा सर्वात सरळ रस्ता. ३० मीटर ही वरची मर्यादा आहे, शेंड्यावरचा डायपोल त्याच्या वर निघू देऊ नका. जागा हलवायची झाली तर सरल संचार पोर्टलवर सॅकफाचं (मनोऱ्याच्या जागेला मंजुरी देणाऱ्या समितीचं) नव्याने आलं. छतावरच्या तात्पुरत्या अँटेनाबद्दल डब्ल्यूपीसी (दूरसंचार खात्याची फ्रिक्वेन्सी शाखा) आणि केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय दोघांना लेखी कळवा आणि उत्तर आल्यावरच चालू करा. रंग आणि दिवा तुमच्या सॅकफाच्या पत्रात असेल तसाच, शेजारच्या मोबाइल टॉवरचं बघून नाही.

ताणवाला

नवे सेक्शन मागवताना ऑर्डरमध्येच लिहा: आधी वेल्ड आणि भोकं, मग गरम जस्त. कारखान्यात जस्त चढवून नंतर जागेवर भोक पाडलं की तिथून गंज सुरू. निचऱ्याचं भोक १२ मिमी, आणि ग्राउट भरायच्या दिवशी त्यात लाकडी खुंटी ठोकून ठेवा, ग्राउट बसल्यावर काढा.

स्टुडिओ_वाळवा

खुंटी लक्षात ठेवतो. अँकरचे खड्डे आखले, पूर्वेचा बांधापासून दीड मीटर आत घेतला. त्या बाजूचं अंतर २१ ऐवजी १९.५ मीटर होतंय, बाकी दोन २१ वरच. चालेल का?

कऱ्हाड_इरेक्शन

चालेल, पण इंजिनिअरला नवं माप देऊन पूर्वेची ओढ पुन्हा काढून घ्या. त्या बाजूचे ताण उभे झाल्याने तीच आडवी ओढ पेलायला तारेतली ओढ आणि अँकरवरची उभी ओढ दोन्ही वाढतात. माझे सेकंदही त्या बाजूला बदलतील. शेंड्याचा ताण आता ३४.९ मीटरचा, दहा लाटांना ७.६ सेकंद धरा. उंची मात्र जमिनीची पातळी लावून मोजा, बांधाकडे उतार असेल तर लांबी वाढेल.